लेकीची शर्यत आणि माझी ‘थांबा’ची पाटी

मोटारींची शर्यत बघणं म्हणजे सकाळपासून उन्हात बसून धूळ खाणं आणि घरी येऊन ‘काय शर्यत झाली म्हणून सांगू!’ असं चारचौघांत सांगणं. मी बघितली आहे, त्यामुळे अधिकाराने बोलतो.

तसा गाड्यांच्या बाबतीत मी नेहमी अधिकारानेच बोलतो. कर्जतला भिसेगावात माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे, बावीस वर्षं झाली. गावातली अर्धी माणसं क्लच दाबायला माझ्याकडे शिकली. (उरलेली अर्धी न शिकताच चालवतात, ती समोरून येताना ओळखू येतात.) काटा तीसच्या पुढे सरकला की माझा पाय आपोआप माझ्या बाजूच्या जादा ब्रेकवर जातो. झोपेतही जातो म्हणे. बायकोच्या पोटऱ्या त्याला साक्ष आहेत.

अशा माणसाच्या पोटी प्राजक्ता जन्माला आली. कॉलेज संपल्यावर तिने माझ्या स्कूलमध्ये बसावं, मुली शिकायला येतात त्यांना शिकवावं, असा माझा साधा बेत होता. मी टेबलसुद्धा बघून ठेवलं होतं. तिने पुण्याच्या एका गॅरेजवाल्याशी संधान बांधलं, जो शर्यतीच्या गाड्या तयार करतो, आणि एक दिवस चहा पिता पिता सांगितलं की मी शर्यतीत उतरतेय. पहाटे सहा ते संध्याकाळी सहा. कर्जत आणि खालापूर तालुक्यातल्या कच्च्या वाटा, एकाच वाटेने चार फेऱ्या.

मी म्हटलं, या वाटांवरून आपण चारदा सोड, एकदा गेलो तरी मणक्याच्या डॉक्टरकडे जातो.

त्यावर तिने पैज मांडली. पहिल्या पाचात आली तर गॅरेजवाला तिला वर्षभर गाडी देणार, आणि मी टेबलाचा विषय कायमचा बंद करायचा. नाही आली तर ती मुकाट्याने टेबलावर येऊन बसणार आणि शर्यतीचं नाव काढणार नाही. मी पैज घेतली. तोंडाने तिला यशस्वी हो म्हटलं आणि दुपारी जाऊन टेबलाला पॉलिश करायला दिलं.

मग तिने मला नियम समजावून सांगितले. वाटेवर ठिकठिकाणी चौक्या असतात आणि प्रत्येक चौकीवर ठरलेल्या मिनिटालाच पोचायचं असतं. उशीर झाला तर दंड. आणि लवकर पोचलं तर त्याहून जास्त दंड! मला हसूच आलं. लवकर पोचल्याचा दंड आमच्या खानदानात कुणाला कधी भरावा लागलेला नाही, पुढेही लागेलसं वाटत नाही. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, तुम्ही फक्त बघायचं. काही करायचं नाही.”

आता बावीस वर्षं दुसऱ्याच्या हातातलं स्टिअरिंग बाजूने ओढणाऱ्या माणसाला ‘काही करू नका’ म्हणणं हा त्याचा अपमान आहे. पण मी हो म्हटलं.

गोष्ट इथेच संपली असती. पण शर्यतीची वाट नेमकी माझ्या सासुरवाडीतून जात होती. लोधिवलीवरून आत गेलं की डोंगराच्या कडेला बायकोचं गाव, आणि वाट अगदी सासूबाईंच्या अंगणाला घासून. त्या गावाचा एक रिवाज आहे. माहेरवाशीण किंवा तिचं लेकरू दारावरून जात असेल, तर पाणी घेतल्याशिवाय आणि ओवाळून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. दुसऱ्याच्या लग्नाच्या टेंपोत बसून जाणारी पोरसुद्धा इथे उतरवून घेतात. वऱ्हाड खोळंबतं, पण रिवाज खोळंबत नाही.

बायकोने आईला फोनवर परोपरीने समजावलं की ही शर्यत आहे, गाडी थांबणार नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हशी आडव्या आल्या तर थांबल ना? मग मी काय म्हशीपरीस कमी हाय?”

शर्यतीच्या दिवशी आम्ही उजाडायच्या आत सासुरवाडीला हजर. अंगणात अख्खं गाव बसलेलं. माझा मेहुणा भरत याने खालू बाजावाले बोलावले होते, आणि वाट बघताना तोंड रिकामं राहू नये म्हणून वालाच्या शेंगा मडक्यात भाजून पोपटी लावायला मडकीही आणून ठेवली होती. आठच्या सुमाराला लांबून आवाज आला. सगळे उभे राहिले, बाजा सुरू झाला, आम्ही जीव तोडून टाळ्या वाजवल्या. धूळ बसल्यावर कळलं की ती आयोजकांची रुग्णवाहिका होती. आतला डॉक्टर मात्र खूश झाला, त्याने हात हलवला.

त्यानंतर खऱ्या गाड्या आल्या. आल्या म्हणजे काय, आवाज आला, धूळ आली, आवाज गेला, धूळ राहिली. प्राजक्ताची गाडी पांढरी आणि नंबर सतरा एवढं आम्हाला पाठ होतं, पण धुळीत सगळ्याच गाड्या एका रंगाच्या. दोन-दोन मिनिटांनी एकेक जात होती आणि आम्ही प्रत्येकीला ‘प्राजूऽ’ म्हणून हाका मारत होतो. सुरक्षिततेचा उपाय म्हणून. दुसऱ्या फेरीला अकरा वाजता तिचा नंबर दिसला, असं भरत म्हणाला. तिसऱ्या फेरीला तिने हात केला, असं बायको म्हणाली. मला तो वायपर वाटला, पण आईच्या तोंडचा घास कोण काढणार? तिथेच रेडिओ घेऊन बसलेल्या एका स्वयंसेवकाने सांगितलं की सतरा नंबर सध्या चौथी आहे. बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मीही आनंद झाल्यासारखं केलं. मग जरा वेळाने लक्षात आलं, की मला खरंच आनंद झाला होता.

आणि भीतीही वाटत होती. हे मी तिथे कुणाला बोललो नाही, इथे सांगतो. ज्या पोरीला मी तीसच्या पुढे जाऊ दिलं नाही, ती बांधावरून उडत जात होती, आणि मला तिचं तोंडसुद्धा दिसत नव्हतं. एकदा थांबावं, काच खाली करावी, ‘ठीक आहे बाबा’ म्हणावं आणि खुशाल जावं, एवढंच मला हवं होतं.

नेमका त्याच वेळी स्वयंसेवक जेवायला गेला आणि भरत माझ्या शेजारी येऊन बसला. “दाजी, तुमची ती लाल पाटी हाय ना डिकीत?”

पाटी होती. शिकवायला मी वाहतुकीच्या चिन्हांच्या पाट्या करून घेतल्या आहेत, त्यातली ‘थांबा’ची पाटी बांबूच्या दांड्यासकट कायम डिकीत असते. गाव नुसतं आडवं उभं राहिलं तर माणसं चिरडतील, पाटी दाखवली तर गाडी कायदेशीर थांबेल, असा त्याचा हिशेब. बावीस वर्षांत सासुरवाडीने माझ्याकडे पहिल्यांदाच व्यावसायिक मदत मागितली होती. सासूबाई म्हणाल्या, अर्ध्या मिनिटाचं काम. मी मनात म्हटलं, अर्ध्या मिनिटाने काय होतं? (अर्ध्या मिनिटाने काय होतं हे मी रोज शिकाऊ लोकांना ओरडून सांगतो.)

चौथी फेरी चारच्या सुमाराला सुरू झाली; स्वयंसेवक जेवून तिकडेच आडवा झाला होता. पांढरी गाडी दिसली. नंबरातला एक आकडा दिसत होता, पुढचा चिखलाने माखलेला. भरत ओरडला, “आली रं आली!” मी वाटेच्या मधोमध गेलो आणि पाटी उंच धरली.

गाडी जागच्या जागी थांबली. लाल पाटी दिसली की थांबायचंच, नाहीतर शर्यतीतून बाद, हे त्या लोकांच्या अंगात मुरलेलं असतं. दुसऱ्या क्षणी बाजा सुरू, बायका गाडीभोवती आणि सासूबाई ताट घेऊन खिडकीशी. आत चालक आणि जोडीदार दोघंही हेल्मेट घालून बसलेले. सासूबाईंनी हेल्मेटवरून ओवाळलं, हेल्मेटच्या काचेला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, पाण्याचा तांब्या दिला आणि पोपटीच्या गरम शेंगांचा द्रोण मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, “तोंड तरी दाखव गं बाय.” हेल्मेट निघालं. आत चांगल्या पिळदार मिशा होत्या.

बाजा थांबला. मिशा म्हणाल्या, “आजी, ही चौकी कुठली?”

तो सांगलीकडचा गडी, सोळा नंबरचा. कागद बघून वाट सांगायला शेजारी बसलेला त्याचा जोडीदार नकाशात ही चौकी शोधून शोधून घामाघूम झाला होता. आम्ही माफी मागितली, सासूबाईंनी शेंगा मात्र परत घेतल्या नाहीत, आणि चार मिनिटं खाऊन सोळा नंबर गेला.

आता मला शहाणपण सुचलं. आता कुठल्याही क्षणी प्राजक्ता येणार. तिला थांबवायचं नाही, उलट वाट मोकळी करून द्यायची. मी लोकांना मागे ढकललं, स्वतः वाटेच्या कडेला उभा राहिलो आणि ती दिसताच दोन्ही हात जोरजोराने हलवून ‘जा, जा, थांबू नकोस’ अशा खुणा करायला लागलो.

हातात पाटी तशीच होती.

सतरा नंबर माझ्यासमोर करकचून थांबली. सासूबाई ताट घेऊन पुढे झाल्याच. मी त्यांना आडवा गेलो तर म्हणाल्या, “परक्याला ववाळलं नि नातीला नाय? सरा बाजूला, जावईबापू.” त्यात निरांजन विझलेलं. ते लावायला काडेपेटी सापडेना, ती पोपटीजवळ राहिलेली. मागे अठरा नंबर येऊन हॉर्न बडवायला लागला, त्याच्यामागे एकोणीस. बाजावाल्यांना वाटलं साथच मिळाली, त्यांनी लय वाढवली. पाच मिनिटं. या सगळ्यात प्राजक्ताने काच खाली केली. तिचं तोंड मला दिसलं. ती एकच वाक्य बोलली.

“बाबा, पाटी खाली करा.”

संध्याकाळी आम्ही सासूबाईंसकट शिळफाट्याजवळच्या एका हॉलमध्ये गेलो, तिथे निकाल लागला. सतरा नंबर सातवी. प्राजक्ता कोपऱ्यात बसून हेल्मेटवरचं कुंकू पुसत होती. मी जवळ गेलो तर रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, “पैज म्हणजे पैज. सोमवारी किती वाजता यायचं?”

ज्या टेबलासाठी मी पैज घेतली ते मला मिळालं होतं, आणि आता मला ते नको झालं होतं.

तेवढ्यात शर्यतीचे प्रमुख, एक शांत चष्मेवाले गृहस्थ, माझ्याकडे आले. म्हणाले, बाहेरच्या माणसाने वाट अडवली असेल तर वाया गेलेली मिनिटं गाड्यांना परत देता येतात. पण ज्याने अडवली त्याने तसं लिहून द्यावं लागतं, नाव, गाव आणि व्यवसायासकट. बायको माझ्याकडे बघत होती. तिने माझ्यापुढे पेन धरलं; लग्नाला इतकी वर्षं झाली की बोलावं लागत नाही. मी बसलो आणि लिहिलं: मी, मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा चालक, वाहतुकीचे नियम शिकवणारा, याने कोणताही अधिकार नसताना रस्त्याच्या मधोमध ‘थांबा’ची पाटी दाखवून चालू वाहतूक अडवली. सही केली. मग कळलं की कुणाची हरकत आहे का हे विचारायला हा कागद लाउडस्पीकरवरून वाचायचा असतो. तो वाचला. हॉलमध्ये माझे तीन जुने विद्यार्थी होते. एकाने उभं राहून टाळ्या वाजवल्या.

सतरा, अठरा आणि एकोणीसची मिनिटं परत मिळाली. प्राजक्ता चौथी आली.

पहिला कोण आला? सोळा नंबर. त्याच्या जोडीदाराची बेरीज चुकली होती आणि शेवटच्या फेरीत ते नेमके चार मिनिटं लवकर धावत होते (म्हणून तर त्यांना अडवलेलं असताना मागून प्राजक्ता आली नव्हती). आम्ही ओवाळून त्यांना बरोबर वेळेवर आणलं. आपली मिनिटं परत मागायला तो अर्थातच गेला नाही. बक्षीस घेऊन तो थेट सासूबाईंच्या पाया पडला आणि म्हणाला, “आजी, पुढच्या साली पण थांबवा बघा.” सासूबाईंनी त्याला डोळे मिटून आशीर्वाद दिला.

प्राजक्ताला गाडी मिळाली. ते टेबल आता रिकामंच असतं, पॉलिश मात्र छान आहे. परवा नव्या हंगामाची नियमांची पुस्तिका आली, ती घेऊन प्राजक्ता स्कूलमध्ये आली आणि माझ्यासमोर पान उघडून ठेवलं. शेवटी एक नवा नियम होता: ‘स्पर्धकांच्या नातेवाइकांनी शर्यतीच्या वाटेत वाहन थांबवून औक्षण करू नये, तसेच कोणतीही पाटी सोबत आणू नये.’ बावीस वर्षं मी लोकांचे नियम लोकांना शिकवत आलो. शेवटी एक नियम माझ्यामुळे झाला, आणि तोही मोडून झाल्यावर.