ईशानचे ठिपके

"झिरो म्हणजे किती?" मी फोनवर विचारलं.

"झिरो म्हणजे झिरो, मेट," लॅबमधून माइक म्हणाला. "दोनदा रन केलं. टी-सेल्स भरपूर आहेत. बी-सेल एकही नाही."

मी सिडनीत लहान मुलांची इम्युनॉलॉजिस्ट आहे. मुलांची प्रतिकारशक्ती नीट काम करते की नाही, ते बघणारी डॉक्टर. हा रिपोर्ट सात आठवड्यांच्या ईशानचा होता. छातीत कफ भरला म्हणून तो वॉर्डमध्ये आला होता. तीन दिवसांत बरा होऊन दूधही मागायला लागला, पण रक्तात पांढऱ्या पेशी जरा कमी दिसल्या म्हणून मी पुढची टेस्ट लावली आणि त्यातून हे निघालं.

टी आणि बी या पांढऱ्या पेशींच्याच दोन जाती. त्यातल्या बी-सेल्स जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडीज तयार करतात. बाळ जन्माला येतं ते आईच्या अँटिबॉडीज बरोबर घेऊन. ती शिदोरी काही महिने पुरते. तोवर बाळाच्या हाडांच्या आतल्या मगजात त्याच्या स्वतःच्या बी-सेल्स तयार होत असतात, शिकत असतात, हळूहळू कामाला लागतात. ईशानजवळ शिदोरी होती, पण स्वतःचं काहीच नव्हतं. मुलग्यांमध्ये एक जन्मजात आजार असतो, त्यात बी-सेल्स तयारच होत नाहीत. मग जन्मभर दर महिन्याला दुसऱ्यांच्या अँटिबॉडीज ड्रिपमधून द्याव्या लागतात. हे आता त्या घरात सांगायचं होतं.

घर सिडनीच्याच वेंटवर्थव्हिल उपनगरातलं. आई केतकी, बाबा ओंकार, आणि बाळंतपणासाठी पुण्याहून आलेल्या ओंकारच्या आई, सुलभाकाकू. काकूंनी पहिल्याच दिवशी माझं आडनाव, माहेर आणि शाळा विचारून घेतली आणि डिंकाच्या लाडवांचा डबा पुढे केला. मी लाडू खाल्ला. चांगला होता.

मग मी घरच्यांच्या आजारांची माहिती घ्यायला बसले.

"गरोदरपणात काही त्रास? काही औषधं?" मी केतकीकडे बघून विचारलं.

"छे गं," काकू म्हणाल्या. "लोह आणि कॅल्शियम. आमच्या घरात कोणाला काही नाही."

"घराण्यात कोणी मुलगा लहानपणी सारखा आजारी?"

"एकही नाही. सगळे ठणठणीत!"

केतकी बाळाचं टोपरं सारखं करत होती. ओंकार फोनमध्ये होता. मी 'काही नाही' असं लिहून घेतलं, जनुकांच्या तपासणीसाठी रक्त पाठवलं आणि जिवंत जंतूंच्या लशी थांबवल्या. जनुकांचा रिपोर्ट यायला काही आठवडे लागणार होते.

दुपारी आमची सिनिअर नर्स ग्लेंडा माझी फाइल चाळत होती. तिला मराठीचा गंध नाही.

"ही हिस्टरी कोणाची आहे?" तिने विचारलं. "आईची की आजीची?"

"आईची."

"मी तिथेच होते. आईने तोंडच उघडलं नाही."

मला एकदम लाज वाटली. एरवी ऑस्ट्रेलियन घरातली आजी मध्ये बोलली, तर मी तिला नम्रपणे थांबवते. इथे समोर काकू होत्या, माझ्या आईच्या वयाच्या, हातात लाडवांचा डबा घेऊन. त्यांना 'तुम्ही जरा गप्प बसा' म्हणायची माझी काय टाप! वीस वर्षांचा अनुभव एका लाडवाने बाजूला ठेवायला लावला होता.

ग्लेंडाने काकूंना कॅफे दाखवायला नेलं. मी केतकीजवळ बसले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

तिचे डोळे भरून आले. "ताई, सहाव्या महिन्यात मी नाशिकला माहेरी गेले होते. प्लेटलेट्स खूप खाली गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, सलाइनमधून. मग सगळं नॉर्मल झालं. आईंना सांगितलं नाही. लग्नाआधीही एकदा झालं होतं ना, ते लपवलं असं वाटलं असतं. ओंकारला माहितेय."

"इथे का नाही सांगितलंस?"

"इंजेक्शन मला दिलं होतं. बाळाला थोडंच?"

तिने नाशिकला आपल्या आईला फोन करून त्या उपचारांच्या कागदाचा फोटो मागवला. औषधाचं नाव वाचलं आणि मी खुर्चीतून उठलेच. ते औषध बी-सेल्सवरची एक खूण ओळखून त्यांना संपवतं. आईच्या अँटिबॉडीज ज्या वाटेने वारेतून बाळाकडे जातात, त्याच वाटेने तेही जातं. पण मगजातल्या अगदी सुरुवातीच्या पेशींवर ती खूण नसते. त्या वाचतात. औषध उतरलं की पुन्हा नव्या बी-सेल्स तयार होतात.

"म्हणजे तो बरा होईल?" केतकीने माझा हात घट्ट धरला.

"बहुतेक. पण मला ते डोळ्यांनी बघू दे."

काकूंना काय सांगायचं ते केतकीवर सोडलं. तिने त्याच संध्याकाळी सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी काकू एकट्याच माझ्याकडे आल्या. चेहरा उतरलेला.

"मला नीट समजाव," त्या म्हणाल्या.

वेंटवर्थव्हिलच्या घरामागे कढीपत्त्याचं झाड आहे, हे मला गप्पांतून कळलं होतं. मी म्हटलं, "काकू, कोणीतरी सगळी पानं ओरबाडली. खोड आणि मुळं शाबूत आहेत."

"मग फुटेल," त्या ताबडतोब म्हणाल्या. "थंडी सरली की फुटतोच."

पुढच्या महिन्यात रक्त तपासलं. शून्य. जनुकांचा रिपोर्ट स्वच्छ आला, सगळ्यांना धीर आला. त्यापुढच्या महिन्यात पुन्हा शून्य, आणि मी नाशिकचा तो कागद परत एकदा वाचला. ईशान मात्र मजेत पालथा पडायला शिकला.

ईशानच्या पाचव्या महिन्यात माइकचा फोन आला. "खाली ये. आत्ता."

आमच्या मशीनमध्ये एकेक पेशी लेझरसमोरून जाते आणि स्क्रीनवर एक ठिपका उमटतो. बी-सेल्सचा कोपरा दोन महिने कोरा होता. आता तिथे ठिपके होते. विरळ, पण खरे. माइकने टाळीसाठी हात पुढे केला, मी त्याला मिठीच मारली. तो जरा गोंधळला.

तो फोटो मी केतकीला दाखवला. ती हसत होती आणि रडत होती. काकूंनी चष्मा लावून ठिपके मोजायला घेतले, मग नाद सोडला.

"आणि हे बघ," त्या मला म्हणाल्या, "फॉर्ममध्ये माझंही लिही. थायरॉइड. लग्नाआधीपासून."

ओंकार चाट पडला. "आई? आम्हाला कधी बोलली नाहीस!"

"माझ्या सासूबाईंना सांगायचं नव्हतं ना. मग राहूनच गेलं." केतकीच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "एवढं एकटीने सोसलंस होय गं?"

ईशानचं उष्टावण ठरल्या दिवशी झालं, आणि नंतर लशींनाही त्याच्या शरीराने छान दाद दिली. मीही एक गोष्ट शिकले. आता कोणी "आमच्या घरात कोणाला काही नाही" म्हणालं, की मी पेन खाली ठेवते, लाडू खाते, आणि ग्लेंडाला सांगते, काकूंना कॉफी पाजून आण.