बोरीची लाकडं आणि गार पाणी

असले अनुभव वाचताना मी नेहमी मनात म्हणायचे, या माणसाची झोप झाली नसेल. तुम्हीही तसंच म्हणालात तर मला वाईट वाटणार नाही... माझी झोप खरंच झालेली नाही. पण हे सगळं सकाळच्या उजेडात घडलंय.

आमचं घर अवसरी बुद्रुकला, गावाच्या कडेला. घरात आई, दादा आणि मी. गेल्या वर्षी आईला पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. लॅपटॉपवरची नोकरी सांभाळून तिचं सगळं मी करते. कढत पाण्यानं अंघोळ घातली की तिचं अंग जरा सैल होतं, रात्री झोप लागते – तिला आणि मलाही. गीझर आहे, पण सकाळी शेतातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज नसतं. म्हणून तांब्याचा बंब.

परसात जुनी बोर होती. बाथरूमच्या पत्र्यावर कलली होती, म्हणून दादानं झाड तोडायला कटरवाला बोलावला. मी एवढंच म्हटलं, "आईला विचारायचं का?"

"तिला काय कळतंय आता?"

आई खिडकीशीच बसली होती.

लाकडं उन्हाळाभर वाळली, खडखडीत. पाऊस लागल्यावर पहिल्यांदा बंबात घातली. जाळ असा, की नळीच्या तोंडातून वर येत होता. बऱ्याच वेळानं तोटी सोडली – पाणी गार. बंबाला हात लावला. तांबंसुद्धा गार.

"इंग्लिश शाळेत बंब पेटवायला शिकवत न्हाईत व्हय गं?" शेजारच्या नंदाकाकू हसल्या. मग त्यांनी स्वतः पेटवून पाहिला... आणि हसायच्या थांबल्या.

त्याच बंबात तुरीच्या काड्या घातल्या की पाणी लगेच तापायचं. बोरीची लाकडं घातली की गार. "ओली असतील," दादा म्हणाला. ओलं लाकूड धुमसतं. हे तर जळून राख होत होतं. काड्या संपत आल्या. आईचं अंग पुन्हा आखडायला लागलं.

एक गोष्ट मात्र मी रोज पाहत होते. अंघोळीला नेताना तिची खुर्ची लाकडांच्या ढिगापाशी आली की ती डावा हात पुढे करायची. आधार शोधत असेल, असं वाटून मी तो परत मांडीवर ठेवायचे. त्या दिवशी इतकी दमले होते की नाही ठेवला. हात तसाच राहिला – बोटं जुळलेली, कुंकवाची चिमूट धरावी तशी.

मग आठवलं. मी शाळेत असताना अंगणातला शेवगा तोडायचा होता, तेव्हा आदल्या संध्याकाळी आईनं त्याला हळदकुंकू लावलं होतं. बुंध्यावर हात ठेवून म्हणाली होती, "उद्या तोडणार हाय तुला. राग धरू नको. पाखरांनाबी सांग."

मी कुंकवाचा करंडा आणला. तिनं डाव्या हातानं एका ओंडक्याला कुंकू लावलं. ओठ बराच वेळ हलत होते. आवाज नव्हता.

तोच ओंडका बंबात घातला. त्या दिवशी पाण्यात गार पाण्याचं विसण घालावं लागलं, इतकं कढत.

दादानं तोटीखाली हात धरला आणि झटकन मागे घेतला. मग आईच्या खुर्चीपुढे उकिडवा बसला. "आई, वरच्या वावरात यंदा कांदा करू का बटाटा?"

आईनं तोंड फिरवलं.

"रुसलीय ती," दारातून नंदाकाकू म्हणाल्या. "रोज इचार, भाऊ. मग बघंल तुझ्याकडं."

यामागे काय आहे, मला माहीत नाही. शोधायचं त्राणही नाही. उद्या सकाळी पुन्हा पाणी तापवायचंय. हल्ली प्रत्येक लाकूड आधी आईला दाखवते. ती मान डोलावते, मग मी काडी ओढते.

काल एका ओंडक्याला तिनं मानेनंच नाही म्हटलं. मी तो बाजूला ठेवला.