आईचे पाय, माझे पाय

माझ्या तळपायांची आग सुरू झाली तेव्हा मी पंचेचाळिशीत होते. गोंदियाजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. दिवसभर उभं राहायचं काम, म्हणून आधी मी चपलांना दोष दिला. तीन जोड बदलले. आग गेली नाही. मग बोटांत झिणझिण्या यायला लागल्या, आणि कधी फरशीवरून चालताना पायाखाली जाड कापड अंथरल्यासारखं वाटायचं.

रात्रीचा त्रास याहून वेगळा होता. अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी सरपटायला लागायचं. ते धड दुखणंही नव्हतं आणि खाजही नव्हती. नुसतं पाय हलवावेत असं वाटायचं, आणि नाही हलवले तर जीव कासावीस व्हायचा. उठून घरात फेऱ्या घातल्या की थांबायचं. पडलं की पुन्हा सुरू. पहाटे कधीतरी डोळा लागायचा आणि साडेपाचला गजर वाजायचा.

नवऱ्याने बिचाऱ्याने कितीतरी रात्री तेल लावून पाय चोळून दिले. मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून झाले. नस दबली असेल म्हणून कमरेचा एमआरआय काढला, तर वयाप्रमाणे जेवढी झीज असायची तेवढीच निघाली. एका डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी झोप आली, पण ती दिवसाही उतरेना. एकदा फळ्यावर बेरीज मांडता मांडता हातचा किती हेच मला आठवेना, आणि चौथीची मुलं माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी मी त्या गोळ्या सोडल्या. सोबतच्या शिक्षिका म्हणायच्या, "मॅडम, तुम्ही टेन्शन लई घेता." हळूहळू मी कुणाला सांगणंच बंद केलं. अशी पाच वर्षं गेली.

सुटका झाली ती साध्या तापामुळे. गोंदियात आम्ही राहतो त्या गल्लीच्या टोकाला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दवाखाना टाकला होता. तिथे गेले, ताप दाखवला, त्या चिठ्ठी लिहायला लागल्या आणि लिहिता लिहिता थांबल्या.

"आप पैर कब से हिला रही हैं?"

मी ओशाळून पाय आवरला. "सॉरी, सवय आहे."

"रोकिए मत, हिलाइए. हिलाने से अच्छा लगता है ना? और रात को ज़्यादा होता है?"

पाच वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी हो म्हणाले. बाहेर पाच-सहा माणसं ताटकळत बसली होती, तरी त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सगळं विचारलं. जेवण काय, भाज्या कोणत्या, दुसऱ्या कुठल्या गोळ्या घेता का. मी सांगितलं, ॲसिडिटीची एक गोळी रोज सकाळी घेते, दहा-अकरा वर्षं झाली. आणि शाळेत डबा संपला की लगेच चहा, घरी रात्रीच्या जेवणावरही चहा.

रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन ठीक होतं. पण शरीरात साठवलेलं लोह जवळजवळ संपलं होतं आणि बी-बारा तर फारच कमी. इतकी वर्षं घेतलेल्या गोळीचा आणि जेवणावरच्या चहाचाही त्यात हात असावा, असं त्या म्हणाल्या. बी-बाराची इंजेक्शनं, लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, जेवणाच्या आगेमागे चहा नाही, आणि ॲसिडिटीची गोळी त्यांनी हळूहळू सोडवली. "जल्दी मत कीजिए," त्यांनी बजावलं. "नसों को टाइम लगता है. पूरा जाएगा, ऐसा वादा नहीं करती."

पहिला महिना काहीच फरक नव्हता. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी मी गजराने जागी झाले आणि तशीच पडून विचार करत राहिले, की मधे उठले होते की नाही? नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "घोरत होतीस. पहिल्यांदा आवडलं मला." पुढे आगही विझत गेली. आजही अंगठ्याच्या टोकाला थोडा बधिरपणा आहे. तो असू दे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. एका फेरीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घर में और किसी को ऐसा था?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि आई आठवली.

माझं माहेर नवेगाव बांधच्या बाजूला. आई दिवसभर चिखलात वाकून धानाची रोवणी करायची आणि रात्री मला म्हणायची, "माह्या पायावर उभी राय वं." मी भिंतीला धरून तिच्या पोटऱ्यांवर उभी राहायचे, पेंगायचे, चिडायचे. ती म्हणायची, "आणखी थोडी." मग ती अंगणात चालत राहायची. एक दिवस चुलतीने तिला आत बोलावून सांगितलं, "रातच्यानं फिरू नको, लोक वेगळंच बोलून राहिले." वेगळं म्हणजे काय, ते मला फार उशिरा कळलं. जादूटोणा. त्यानंतर आई बाहेर निघाली नाही. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या पोटऱ्यांना करकचून बांधून पडायची. सकाळी पायांवर वळ दिसायचे. मला वाटायचं, हिला कौतुक करून घ्यायची हौस आहे.

आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. शनिवारी दुपारची बस धरून मी माहेरी गेले आणि म्हटलं, "माय, गोंदियाले चाल. तुह्या पायाले औषध आहे."

"आता कायले? सारी उमर गेली."

"माह्ये पाय बरे झाले."

तिने माझ्या पायांकडे पाहिलं. "तुलेबी होते?" एवढंच म्हणाली. मग उठून पिशवी भरायला लागली.

दवाखान्यात तिला धड सांगता येईना. "पायात मुंग्याचं वारूळ फुटते, बाई. लोक म्हणते नाटक करते." डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला. "नहीं आजी, ये नाटक नहीं है. बीमारी है."

"हेले नाव आहे का?"

त्यांनी नाव सांगितलं, इंग्रजीच होतं. आईने म्हणून पाहिलं, जमलं नाही. पण घरी परतताना गल्लीत ती दोनदा म्हणाली, "नाव आहे म्हणते. मंजे आणखी लोकाईले होते." तिचा चेहरा इतका हलका मी कधी पाहिला नव्हता, आणि अजून एक गोळीसुद्धा पोटात गेली नव्हती.

तिचंही लोह कमी निघालं. लोहाची गोळी सुरू झाली, शिवाय संध्याकाळी घ्यायची एक लहानशी गोळी. आई माझ्याकडेच राहिली. पहिल्या आठवड्यात चारदा उठायची, मग दोनदा. मीही जागी व्हायचे आणि तिच्याबरोबर बसायचे. एकदा मी तिला म्हटलं, "लहानपणी तुह्या पायावर उभी राहाले मी कुरकुर करत होती." ती म्हणाली, "पोट्टी होती तू. झोप येत होती तुले." विषय तिथेच संपवला तिने.

एका रविवारी आठ वाजले तरी तिच्या खोलीतून आवाज नाही. पहाटे चारला उठणारी बाई. मी हाक मारली. उत्तर नाही. आत जाऊन तिच्या नाकासमोर हात धरला.

तिने एक डोळा उघडला. "काऊन वं? मेली का पाहून राहिली?"

"आठ वाजले, माय."

"वाजू दे," म्हणाली आणि कूस बदलून पुन्हा झोपली. पांघरुणाबाहेर आलेली तिची पावलं अगदी स्थिर होती. मी दार ओढून घेतलं आणि नवऱ्याला टीव्ही बंद करायला सांगितलं. ती साडेदहाला उठून आली, केस विस्कटलेले, गालावर उशीचा ठसा, आणि भूक लागली म्हणाली.