रशिदाच्या नावाची खोली

नाशिकला उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि मिरजेहून अंगावर चढवून आणलेले स्वेटर कुचकामी ठरले होते. "या थंडीबद्दल तू काही बोलली नव्हतीस," रशिदा कुडकुडत म्हणाली. आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवतो. ती चित्रकला, मी नागरिकशास्त्र. गोदावरीचे घाट रेखाटायची तिची जुनी इच्छा, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत निघालो होतो.

पंचवटीतल्या एका धर्मशाळेत मी फोनवरून खोली ठरवली होती. "बरोबर कोण?" असं पलीकडून विचारलं, तेव्हा मी "मैत्रीण" एवढंच म्हटलं. नाव मुद्दाम गाळलं. ते बरं नाही, हे तेव्हाही कळत होतं.

व्यवस्थापकांनी आधी चहा मागवला, मग आधार कार्डं पाहिली. दुसरं कार्ड त्यांच्या हातात तसंच राहिलं.

"ताई, तुमचं होईल. पण यांचं... लय अडचण हाय. धार्मिक ट्रस्ट हाय आमचा."

रशिदानं बॅग उचलली. "चल, दुसरीकडे बघू."

इतक्या सवयीनं तिनं ती उचलली की मलाच लाज वाटली. मी हलले नाही. पर्यटकांना खोल्या मिळतील अशी पाटी बाहेर लावलीत, तर विश्वस्तांना बोलवा, म्हटलं. अर्ध्या तासात एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ स्कूटरवरून आले. सगळे त्यांना अण्णा म्हणत होते. ते आमच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"आमचंही ऐका, बाई. ही वास्तू आजोबांनी पूजेअर्चेसाठी दिलेली. आमचा धर्म आमच्या रीतीनं पाळायचा हक्क संविधानानंच दिलाय आम्हाला."

"दिलाय की! मी मुलांना तेच शिकवते. पूजा कशी करायची, स्वयंपाकघरात काय शिजवायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण खोल्या येईल त्याला देता, आणि हिला मात्र नुसतं नाव वाचून परत पाठवता. भेदभाव करायचा नाही, हेही त्याच संविधानात आहे."

"वर्गात सोपं असतं हो. इथं उद्या चार माणसं मला जाब विचारतील."

तेव्हा रशिदा त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली. "अण्णा, तुमचे नियम तरी सांगा."

मांस-अंडी नाही. चपला बाहेर. पहाटे आरतीची घंटा वाजते, ती वाजणारच.

"वाजू दे. माझीही नमाज त्याच सुमाराला असते. खोलीत पढले तर चालेल?"

अण्णांनी उठून फळीवरची एक किल्ली काढली. चहावर साय धरली होती.

"खोलीत कोण कोणाची प्रार्थना करतं, हे आजवर आम्ही कुणालाच विचारलेलं नाही," ते शेवटी म्हणाले आणि त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली. "आज राहा. संध्याकाळी विश्वस्तांची बैठक बोलावतो. पुढचं काही सांगत नाही."

पोटात कावळे ओरडत होते. रिक्षानं आम्ही शहराबाहेर, द्राक्षांच्या मळ्यातल्या मिसळीला गेलो. वेलींना मिरीएवढाले हिरवे मणी लागले होते. मिसळीबरोबर पापड, दही आणि चक्क जिलेबी. तर्री (आपल्याकडचा कट) काळसर आणि भलतीच तिखट. डोळ्यांत पाणी आलेलंच होतं, तेवढ्यात मी सांगून टाकलं, "फोनवर मी तुझं नाव सांगितलं नव्हतं."

"माहीत आहे. पुढच्या वेळी सांग," रशिदा पापड मोडत म्हणाली. "नकार यायचाच तर घरबसल्या येऊ दे. बॅग जड असते गं."

मग आणखी तर्री मागवली आणि निम्मी स्वतःच्या ओढणीवर सांडली.

दुपारी गंगेवर गेलो. गोदावरीला इथले लोक गंगाच म्हणतात. रशिदा पायरीवर बसून चित्र काढू लागली, तशी फुलं विकणारी एक आजी टोपली घेऊन समोरच येऊन बसली. चित्र पुरं झाल्यावर तिनं ते लांब धरून पाहिलं.

"माझं नाक एवढं मोठं नाय!"

शेजारच्या बायका म्हणाल्या, हाय, हाय. रशिदानं नाक बारीक केलं, तेव्हा कुठं आजी हसली.

रात्री परतलो तेव्हा अण्णा दारातच उभे होते. मी त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला.

"तीन विरुद्ध दोन," ते म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखे, आणि कडक. नाव विचारायचं ते नोंदीपुरतं." व्यवस्थापकांनी तर आमच्या पुढं होऊन गरम पाण्याची बादली खोलीत नेऊन ठेवली.

दुसऱ्या पहाटे घंटा घणघणली. रशिदा नमाजेला बसली होती, मी पांघरुणातून दोन्ही ऐकत होते. नंतर जिन्यात आरतीला रोज येणारे, विरोधात मत दिलेल्या दोघांपैकी एक गृहस्थ भेटले. रशिदानं नमस्कार केला. त्यांनी तोंड फिरवलं. मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं माझा पदर ओढला. आम्ही आणखी तीन दिवस तिथंच राहिलो. ते रोज तोंड फिरवत राहिले आणि ती रोज नमस्कार करत राहिली.

मिरजेला परत आल्यावर समानतेच्या हक्काचा धडा आला. इतकी वर्षं मी तो एका तासात उरकत असे. यंदा रशिदाला वर्गात बोलावलं, तिनं सगळं सांगितलं. एका मुलीला ते जिन्यातले गृहस्थ सहनच होईनात.

"मॅडम, त्यांना शिक्षा व्हायला पाहिजे होती!"

"तोंड फिरवायचा त्यांना हक्क होता गं," रशिदा म्हणाली. "किल्लीवर माझा होता. मला किल्ली मिळाली."