परबकाकांनी बदललेलं इंजिन

मुंबईत हॉर्न न वाजवता गाडी चालवणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमचे परबकाका. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगच्या गेटवर कोणी हॉर्न मारला की ते खिडकीतून विचारायचे, "कोणाक बोलावतंस रे? मी हयसरच आसंय!" मला हसू यायचं. कारण कळलं तेव्हा मात्र हसणं थांबलं.

त्यांची मुलगी नमू तिशी उलटलेली, पण समज चार-पाच वर्षांच्या पोरीची. मोठा आवाज झाला की ती कानांवर हात दाबून जमिनीवरच बसायची. रिक्षात, बसमध्ये पाय ठेवत नसे. बसायची ती फक्त काकांच्या जुन्या पद्मिनीत, पुढच्या सलग सीटवर, आई-बाबांच्या मधोमध. त्या गाडीतून ती रोज भांडुपला एका कार्यशाळेत पणत्या रंगवायला जायची.

मग गाडीचं इंजिन गेलं. काकांनी दोनदा उघडून दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "आता ह्याका त्रास देवचो नाय." नमू घरात अडकली. खिडकीचे गज धरून खाली उभ्या गाडीकडे बघत राहायची. तिचं जेवण सुटलं. काकू एकदा माझ्यापाशी रडल्या. "हिला वाटतं, आम्ही हिला शिक्षा केलीय गं."

काका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी ठरवलं, नव्या गाडीचं इंजिन या जुन्या गाडीत बसवायचं, तेही इथेच, पार्किंगमध्ये. आधी आरटीओची परवानगी काढली, मगच पाना हातात घेतला. मागून चेपलेल्या एका छोट्या गाडीचं इंजिन त्यांनी आणलं, तेव्हा सोसायटीत कुरकुर झाली. सेक्रेटरी खाली उतरून म्हणाले, "परब, हे काय गॅरेज आहे का?"

"नाय. पण माझ्या पोरीचो रस्तो हयसून जाता," काका म्हणाले.

सेक्रेटरींनी स्वतःची स्कूटर बाजूला घेतली आणि काकांना आणखी जागा करून दिली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. रविवारी पाने-स्क्रू हातात द्यायला जायचे आणि "कधी होणार?" असं विचारायचे. "इंजिनाक घाई कळना नाय, मास्तरीण," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. सगळे सांगत होते, सीट मधोमध कापा आणि गियर खाली घ्या, काम सोपं होईल. काकांनी ऐकलं नाही. गियर स्टिअरिंगपाशीच राहावा म्हणून सळ्या वाकवून, जोडून, पुन्हा तोडून त्यांनी दीड महिना घालवला. मधली जागा नमूची होती.

सात महिन्यांनी इंजिन सुरू झालं. नमू घाबरेल म्हणून टाळ्या वाजवायच्या नव्हत्या, तेव्हा आम्ही सगळ्यांनी नुसतेच हात वर केले. नमू आली, बसली, डॅशबोर्डवर तळहात ठेवून वाट बघत राहिली. मग बापाकडे एकदा पाहिलं आणि उतरून थेट घरात गेली.

काकांनी इंजिन बंद केलं. मी म्हटलं, "होईल तिला सवय."

"तिचा काय चुकला? तिची गाडी थरथरायची. ही थरथरना नाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिनाखालची मऊ रबरं काढली आणि कडक रबर कापून बसवलं. मला राहवलं नाही. "अहो काका, थरथर जावी म्हणून लोक धडपडतात!"

"त्यांच्या घरात नमू नाय."

तीनदा रबर बदललं. तिसऱ्यांदा काचासुद्धा खडखडायला लागल्या. नमू न बोलावता खाली आली. डॅशबोर्डवर हात ठेवला आणि हसली. काका तोंड फिरवून उगाचच बाजूचा आरसा पुसत राहिले.

नंतर दोन वर्षं ते तिघं रोज जायचे. त्याच काळात, काकू नको नको म्हणत असताना, काकांनी त्यांना गाडी शिकवली.

गेल्या वर्षी काका हृदयविकाराने गेले. चौथ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं आणि नमू कुठे दिसेना. ती गाडीत जाऊन बसली होती, आपल्या जागेवर. काकूंनी खिडकीतून पाहिलं, डोळे पुसले आणि खिळ्यावरची चावी घेतली. एक नातेवाईक म्हणाले, "वहिनी, सुतकात कुठे निघालात?"

"हिला कामावर सोडून येते."

एकटीने चालवायची काकूंची ही पहिलीच वेळ. म्हणून मीही खाली धावले आणि डावीकडचं दार उघडलं. त्या बाजूला नेहमी काकू बसायच्या; आज त्या स्टिअरिंगपाशी होत्या. नमू माझ्याकडे बराच वेळ रोखून बघत होती. मग ती आईकडे थोडी सरकली आणि तिने मला जागा करून दिली.