बाबांचा वॉकीटॉकी

माझ्या मावसभावाने मस्कतहून वॉकीटॉकीची जोडी आणली, तेव्हा साध्या रेडिओलासुद्धा पोस्टात जाऊन लायसन काढावं लागायचं. हे पडलं खेळणं, त्याला कोण विचारतो. आमच्या घरात बोलायचं लायसन मात्र एकट्या बाबांकडे होतं.

बाबांचं किराणा दुकान गल्लीच्या तोंडाशी आणि घर पार शेवटाला. एक यंत्र त्यांनी गल्ल्यावर ठेवलं, दुसरं आईच्या ओट्यावर. मी बी.कॉम. होऊन दुकानात पुड्या बांधत होतो. गिऱ्हाइकांची गर्दी झाली की बाबा बटण दाबायचे, "चहा पाठव. ओव्हर." ओव्हर म्हणजे आता तू बोल; पण उत्तर ऐकायची पद्धत आमच्याकडे नव्हतीच.

त्याच वर्षी उन्हाळ्यानंतर आईला सावनेरच्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली. सोमवारी रुजू व्हायचं होतं. आठवडाभर ती विषय काढत होती. "मी काय म्हणते," एवढं झालं की बाबा वरणात मीठ कमी असल्याचं सांगायचे. गिऱ्हाइकाशी तूरडाळीवर तासभर बोलणाऱ्या माणसाला बायकोचं एक वाक्य जड होत होतं. मला त्यांचा संताप यायचा.

सोमवारी सकाळी गल्ल्यावरचं यंत्र खरखरलं. "अजी, मी सावनेरले जाऊन राहिली. आजपासून शाळा."

बाबांनी बटण दाबलं. "काहून? कोणाले विचारलं?"

पण या यंत्रात एका वेळी एकानेच बोलायचं असतं आणि आईने बटणावरचा अंगठा उचललाच नव्हता. बाबांनी बटण सोडलं, तर तिचं शांतपणे चालूच होतं. "बावीस वर्षं तुमचंच ऐकलं. संध्याकाळच्या बसनं येईन."

बाबा यंत्र बंद करायला गेले, तशी गूळ घ्यायला आलेली म्हातारी म्हणाली, "थांब गा, बाई बोलून राहिली न." बाकीची गिऱ्हाइकंही जागची हलेनात. चारचौघांत बाबांचा हात थांबला.

"स्वयंपाक झाकून ठेवला. चहा तुम्ही करून घ्या, पत्ती वरच्या डब्यात आहे."

आता आवाज यंत्रातूनही येत होता आणि रस्त्यावरूनही. इस्त्रीचं पातळ नेसलेली आई बोलत बोलतच दुकानापर्यंत आली होती. "ओव्हर," ती म्हणाली, यंत्र बाबांसमोर ठेवलं आणि बस स्टँडकडे वळली.

बाबांनी घाईने आपल्या यंत्राचं बटण दाबलं. समोरच्या यंत्रातून त्यांचाच आवाज आला, "मी काय म्हणतो..."