मिस्त्रींचा कोरा रुमाल

मिस्त्री गॅरेजात रस्त्याकडे पाठमोरे बसून काम करायचे. माझी गाडी बसस्टँडच्या वळणावर असतानाच, मान न वळवता ते सांगायचे, "शेठ आले." वाशीमकडच्या मालेगावात माझा जुन्या गाड्या घेण्या-विकण्याचा धंदा, त्यामुळे माझ्याखाली दर आठवड्याला वेगळी गाडी. तरी मिस्त्री चुकायचे नाहीत. एकदा मी विचारलंच, गाडी बदलत राहते, मग मी कसा ओळखू येतो? हातातला पाना खाली न ठेवता म्हणाले, "गाडी बदलते, पाय थोडीच बदलते? तुमी गिअर असा टाकता, जसं त्यानं तुमचं काही खाल्लं."

त्यांचं खरं नाव गावात फार थोड्यांना माहीत होतं. सगळे रुमालवाले मिस्त्रीच म्हणत. आठवडी बाजारातून ते पांढऱ्या सुती रुमालांचा डझनच आणून ठेवत. जुनी गाडी तपासायला आली की आधी लाकडी मुठीचा लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, इंजिनला टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. मग कोणाला तरी रेस द्यायला लावायची आणि सायलेन्सरच्या तोंडापुढे कोरा रुमाल धरायचा. कोरडी काजळी आली तर डिझेल नीट जळत नाही. तेलकट डाग आला तर इंजिनच्या रिंगा गेल्या. तो डागाळलेला रुमाल घडी करून ते घेणाऱ्याच्या हातात द्यायचे, विकणाऱ्याच्या कधीच नाही. "घ्या, गाडीनं लिहून देल्लं." आमच्या तालुक्यात हा रुमाल हाती पडल्याशिवाय जुन्या गाडीचा सौदा कोणी पक्का धरत नसे.

मी बैलबाजारातून वर आलेला माणूस. तिथे रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरतात, शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. मी सौदा करायला शिकलो तो असा. माझा रुमाल झाकायचा आणि मिस्त्रींचा दाखवायचा. तरी बावीस वर्षं आमचं जमलं, कारण त्यांच्या रुमालामुळेच लोक माझ्या दारात यायचे, हे मला कळत होतं. ते त्यांना कधी सांगितलं नाही. समोरच्याला त्याची किंमत कळू द्यायची नाही ही माझी सवय.

त्यांचं गॅरेज म्हणजे तीन बाजूंनी टिन आणि वर टिन. चाळीस वर्षं त्या डब्यात त्यांनी डिझेलचा धूर छातीत भरला. बोलताना मध्येच खोकला यायचा, तो संपेपर्यंत समोरच्याने थांबायचं. पण धुरापेक्षा त्यांना चीड होती ती आवाजाची. पोरं मोटरसायकलला फाडफाड वाजणारे सायलेन्सर लावून आणत, त्यांना ते हात लावत नसत. मी म्हणायचो, मिस्त्री, गाडी गुरगुरली पाहिजे, त्याशिवाय ती पळते असं वाटत नाही. ते म्हणायचे, "आवाज म्हनजे ताकद नाई शेठ. सांडलेली ताकद होय. जेवढी चाकात गेली नाई, तेवढी कानात गेली." ज्याचं सगळं पोट आवाज ऐकण्यावर चाललं त्याने असं बोलावं, याचं मला हसू यायचं.

मग ती गाडी आली. पुण्याच्या एका हौशी माणसाकडून मी ती उचलली. विजेवर चालणारी, बुटकी, रुंद, आणि भयंकर वेगाची. आमच्या भागात तोपर्यंत विजेच्या साध्या गाड्या दिसायला लागल्या होत्या, पण ही पळण्यासाठीच बनवलेली होती. ती पाहायला रिसोडचे एक गुत्तेदार, सरकारी कंत्राटं घेणारे, आले. वाशीमच्या रस्त्यावर आपल्या पुढे कोणी गेलेलं त्यांना चालत नसे. गाडीभोवती फिरून ते म्हणाले, "हा तं चाकावरचा कुलर झाला राजा. याले पळनं म्हनते का?" पण डोळे गाडीवरून हटत नव्हते. शेवटी म्हणाले, "मिस्त्री हो म्हनले तं घेतो."

मिस्त्रींकडे मी गाडी नेली तेव्हा पहिल्यांदा असं झालं की त्यांनी "शेठ आले" म्हटलं नाही. मी अगदी पाठीमागे गाडी आणून हॉर्न दिला तेव्हा दचकले. मग उठून गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून मागे सायलेन्सर शोधला. नाही म्हटल्यावर खिशातून रुमाल काढून, जिथे सायलेन्सर असायला हवा तिथे धरला आणि मला म्हणाले, "द्या रेस." आम्ही दोघंही हसलो.

किन्हीराजा गावाच्या रस्त्याला ते स्वतः चालवायला बसले. मोकळा पट्टा लागल्यावर त्यांनी पाय दाबला आणि माझी पाठ सीटला चिकटली. गिअर नाही, धक्का नाही, आवाज नाही, झाडं मात्र मागे फेकल्यासारखी गेली. सत्तरीकडे झुकलेला तो माणूस हसत होता. मी म्हणालो, मजा नाही मिस्त्री, इंजिन बोलत नाही. ते म्हणाले, "विहिरीवरचं डिझेल इंजिन गेलं, लाइटची मोटर आली, तवा कोनी रडलं का? पानी जास्त आलं का नाई? तसंच हे होय. पाय पडला का ताकद हजर. वेगासाठी याच्यापेक्षा चांगलं काही बनलं नसंल." मग मी विचारलं, आणि धूर संपला म्हणतात ते? ते म्हणाले, "धूर संपला नाई, त्यानं पत्ता बदलला. लाइट येते कुठून? कोयसा जळतेच तिकडे. शेतकऱ्यानं पंपाले सूर्याच्या पाट्या लावल्या, तशा पाट्यांवर ही गाडी भरली, तं मी पुरं मानीन. तवरोक अर्धं मानतो. पन तिकडची चिमनी उंच आहे, अन् इथलं सायलेन्सर माह्या नाकापुढं होतं." मग जरा वेळाने, मला सांगावं की नाही अशा आवाजात म्हणाले, "शेठ, पहिल्यांदा गाडीत बसून खोकला नाई आला."

त्यांनी गाडी तीन दिवस ठेवून घेतली. पेचकस लावायला इंजिन नव्हतं, रुमालावर पडायला धूर नव्हता, म्हणून त्यांनी नवी रीत काढली. पूर्ण चार्ज करायची, भर उन्हात किन्हीराजापर्यंत जोरात पळवायची, परत यायचं, आणि पडद्यावरची टक्केवारी प्रत्येक मैलाच्या दगडाला वहीत लिहायची. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता सावकाश. तिसऱ्या दिवशी पुन्हा जोरात.

चौथ्या दिवशी गुत्तेदार आले. मी होतो, मिस्त्रींचा मोठा मुलगा सलीम होता, आणि गॅरेजशेजारच्या चहावाल्याच्या बाकावरचे चारपाच जण होते. मिस्त्रींनी वही उघडली. म्हणाले, गाडी एक नंबर. पळायला वीज चांगलीच. पण पहिली धाव हरणाची आणि पाचवी म्हशीची, कारण तापल्यावर ही दम सोडते. "अन् बॅटरी थकली आहे. पहिल्या मालकानं लय पळवली. तीस टक्के उरले का भरवसा नाई, सरळ दहावर उतरते. बॅटरीचा हिशोब धरूनच घ्या." मग खिशातून तोच रुमाल काढला, पांढराशुभ्र, आणि गुत्तेदारांपुढे धरला. "अन् हा माह्या जिंदगीतला पहिला कोरा रुमाल."

गुत्तेदारांनी रुमाल घेतला नाही. हात जोडून निघून गेले.

मी आजही म्हणतो, ती गोष्ट मिस्त्रींनी मला आधी बाजूला घेऊन सांगायला हवी होती. बावीस वर्षांची ओळख होती. एवढी माझी तक्रार आहे आणि ती मी सोडलेली नाही. पण त्यानंतर मी जे केलं त्याचं काय करू? मी त्यांच्या हातातला रुमाल ओढला आणि खाली ऑइल सांडलं होतं तिथे टाकला. म्हणालो, "धुराशिवाय तुले काय समजते? डिझेलनं तुही छाती खाल्ली, आता अक्कल बी खाल्ली. तुह्या कानाचा जमाना गेला, घरी बस." बावीस वर्षांत मी त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षं मोठे. चहावाल्याच्या बाकावरचं कोणी हललं नाही. सलीम पुढे आला, त्याला मिस्त्रींनी हाताने थांबवलं. रुमाल उचलला, झटकला, आणि डाग पडलेली बाजू आत जाईल अशी घडी घालून खिशात ठेवला. मी दार आपटून निघालो, आणि त्या मेल्या गाडीने साधा गुरगुराटही केला नाही.

ती गाडी विकली गेलीच नाही. मी तीच वापरायला लागलो. मिस्त्रींनी सांगितलं होतं तसंच व्हायचं. तीस टक्क्यांवरून सरळ दहावर. दोनदा रस्त्यात उभा राहिलो. तरी कोणी विचारलं तर सांगायचो, झकास चालते.

सहा-सात महिन्यांनी सलीम माझ्या दुकानात आला. मिस्त्रींची छाती फार बिघडली होती. वाशीमला दर आठवड्याला दवाखान्यात न्यावं लागे. जीपमध्ये बसले की धुराने दम लागायचा, वाटेत दोनदा उतरवावं लागायचं. सलीम म्हणाला, "काका, तुमची ती बिनधुराची गाडी... अब्बाले तिच्यात तरास नाई होत. त्याइनच नाव काढलं. मीच चालवतो, जपून."

मालेगाव ते वाशीम, जायला-यायला थकलेल्या बॅटरीलाही जड नव्हतं. गाडी दारातच उभी होती. आणि मी काय केलं? मी सौदा केला. म्हणालो, ने की, रोज ने. पण आधी तुझ्या अब्बांनी त्याच चहाच्या बाकावर त्याच लोकांपुढे म्हणावं की शेठची बॅटरी चांगली होती, माझी चूक झाली. सलीमने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी भांडलो असतो.

दुसऱ्या दिवशी तो निरोप घेऊन आला. मिस्त्री म्हणाले होते, "गाडी चांगलीच आहे, हे तवा बी बोललो. बॅटरी थकली, हे आज बी बोलतो. शेठले सांग, नाराजी नाई. मी जीपनं जातो."

मी त्याला थांबवायला हवं होतं. किल्ली टेबलावरच होती. पण माझ्या धंद्यात, जो आधी मागे सरतो तो हरतो. मी कागद चाळत बसलो आणि सलीम गेला.

त्यानंतर मी सात-आठ वेळा तरी त्यांच्या गॅरेजपर्यंत गेलो. समोरच्या निंबाखाली गाडी उभी करायचो. मिस्त्री आता काम करत नव्हते, पण दिवसा त्याच जागेवर, रस्त्याकडे पाठ करून खुर्चीत बसलेले असायचे. खांदे हलायचे तेव्हा कळायचं, खोकला येतोय. उतरायचं, आत जायचं, किल्ली हातात द्यायची, एवढंच करायचं होतं. प्रत्येक वेळी मी तिथे बसून वाक्य जुळवायचो आणि प्रत्येक वाक्यात माझी तक्रार शिरायची. मग निघून यायचो. गाडीला आवाज नाही याचं मला तेव्हा बरं वाटायचं. मी येऊन गेलो हे त्यांना कळत नाही, असं मी धरून चाललो होतो.

उन्हाळ्याच्या तोंडावर मिस्त्री गेले. दफनाला मी मागे उभा राहिलो. आठ दिवसांनी सलीमकडे गेलो, तेव्हा निंबाखाली थांबलो नाही, गाडी सरळ गॅरेजात घातली. त्यानेच चहा सांगितला. मग जॅक ओढत आणला आणि माझ्या गाडीखाली सरकवायला लागला. मी म्हणालो, अरे, मी कामासाठी नाही आलो.

"अब्बाचं काम आहे काका," तो म्हणाला. "तुमी निंबाखाली येऊन जात होते नं. अब्बा दर वेळी म्हनत, शेठ आले. मंग जरा वेळानं म्हनत, शेठ गेले."

मी विचारलं, कसं कळायचं? तिला तर आवाजच नाही.

"मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग वाजते म्हने. दुसऱ्या गाडीत इंजिनच्या आवाजात दबलं असतं, या गाडीत उघडं पडते. मले सांगून ठेवलं होतं, शेठ आत आले का आधी ते बदलून दे. वेगानं चालवनारा मानूस आहे, चाक धोका देईन."

त्याने चाक काढलं, बेअरिंग काढून माझ्या हातात ठेवलं. बोटाने फिरवलं तर खरखरलं. त्या खरखरीतून त्यांनी माझं प्रत्येक येणं आणि प्रत्येक परत जाणं ऐकलं होतं, आणि मी आत यायची वाट पाहिली होती. मी ते बेअरिंग बराच वेळ फिरवत राहिलो. सलीमने नवीन बसवलं, चाक आवळलं, आणि हात पुसले.

आता ती गाडी खरोखरच आवाज करत नाही. परवा गॅरेजपुढे जाऊन उभा राहिलो. सलीम वडिलांच्या जागेवर पाठमोरा बसून काम करत होता. बराच वेळ गेला तरी त्याला कळलं नाही. शेवटी मी उतरलो आणि आत जाऊन सांगितलं, की मी आलो आहे.